उलट्या हापशीतला झेंडू

नाना, आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. गेली सहा वर्षं मी तुमच्याशी एक खोटं बोलत आले. लहानसंच होतं आणि तुमचं मन राखायला होतं, असं मी स्वतःला समजावत असे. तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले, आणि आज दुपारी तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच लेथसमोर त्याचं बिंग फुटलं. तेही असं, की मी आधी मोठ्यानं हसले आणि मग पूजेला आलेल्या तुमच्या चार गिऱ्हाइकांसमोर ढसाढसा रडले. तुमची लेक अश्विनी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "माय, आता ह्यांचा बी वायसर गेला का? लई गळायल्यात!"

आपली पहिली भेट आठवते? हातात एका नळीचं चित्र घेऊन मी पिंपरीजवळच्या चिखलीच्या गल्ल्या पालथ्या घालत होते. मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी "एकच नग?" एवढं विचारून मला वाटेला लावलं होतं. तुमच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल, पत्र्याचं छप्पर आणि कानामागे पेन्सिल खोचलेले तुम्ही. चित्र उलटसुलट करून बघत तुम्ही विचारलंत, "काय हाय हे?"

"तळ्याचा गाळ काढायची नळी."

"गाळाला जेसीबी असतंय की."

"तसा नाही हो. घडी न मोडता काढायचाय. खालचा खाली, वरचा वर राहिला पाहिजे."

तुम्ही पेन्सिल काढून चित्रावर ठेवलीत. "म्हंजी खारीचे पापुद्रे मोडायचे न्हाईत. मग आतला दट्ट्या जागेवर ऱ्हायला पायजे आन नळी त्याच्या बाजूनं खाली जायला पायजे. हापशीत नळी जागेवर असती, दट्ट्या वरखाली होतो. तुमची हापशी उलटी हाय, मॅडम."

नाना, एवढी एक गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला वर्गात आठवडा लागतो. तुम्ही ती चहा यायच्या आत ओळखलीत. त्या दिवसापासून आमच्या त्या यंत्राचं भारदस्त इंग्रजी नाव गेलं आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी 'उलटी हापशी' बसलं. मीही मॅडमची ताई झाले. तुम्ही चिडलात की मात्र पुन्हा मॅडम व्हायचे, त्यामुळे आज हवामान कसं आहे ते मला शेडच्या दारातच कळायचं.

गाळ कशाला हवा, हे तुम्हाला सांगायला मात्र वेळ लागला. थंड मुलुखातल्या तळ्यात दर वर्षी थोडा थोडा गाळ बसतो, थरावर थर. आजूबाजूच्या झाडाझुडपांचे परागकण वाऱ्यानं येतात आणि त्या थरांत गाडले जातात. कण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं टरफल असं चिवट की हजारो वर्षं सडत नाही. प्रत्येक वनस्पतीचा कण वेगळा. रखरखीत जमिनीवरच्या झुडपांचे कण जास्त सापडले तर तो काळ कोरडा. लव्हाळ्याचे, गवताचे, ओल्या कुरणातल्या फुलांचे सापडले तर पाऊसपाणी बरं होतं. कण मोजत खाली खाली जायचं, म्हणजे त्या मुलुखाचं जुनं हवामान वाचता येतं.

"म्हंजी नट बघून गाडी कुठल्या कंपनीची ते वळखायचं," तुम्ही म्हणालात.

"अगदी तसंच."

"आन किती वर्षांपूर्वीचं ते कसं कळतंय?"

तेही सांगितलं. थराचं वय प्रयोगशाळेत काढतात. तुम्ही पुढे झुकून विचारलंत, "टॉलरन्स?"

"म्हणजे?"

"चूक किती चालती?"

"होतात शंभरेक वर्षं इकडंतिकडं."

त्यावर तुम्ही जे हसलात! लेथ बंद केलात, शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याला हाक मारलीत. "अरे ऐक ह्या ताई काय म्हणायल्यात! आपला जॉब केसाच्या दहाव्या हिश्शानं चुकला तर चाकणवाले माल परत पाठवायलेत. आन ह्यांची शंभर वर्षांची चूक, तरी ह्यांना डॉक्टर म्हणायचं!" मी तुम्हाला परोपरीनं समजावलं, की पाच हजारांत शंभर म्हणजे काही वाईट नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. फोन उचलताना तुम्ही 'हॅलो'च्या जागी "काय मग, टॉलरन्स किती?" म्हणायचात. मी चिडायचे, आणि आता कुणी चिडवत नाही म्हणून चिडते आहे.

कामाला मात्र तुम्ही जीव लावलात. नळी खोल न्यायला तिच्यावर एकावर एक दांड्या जोडाव्या लागतात. तुम्ही आधी बारीक आटे पाडलेत, आरशासारखे. मग स्वतःच शंका काढलीत, की तिकडं बर्फात हे अडकले तर? पिंपरीच्या बर्फाच्या कारखान्यात जोडलेल्या दांड्या रात्रभर ठेवून आलात. सकाळी दोघा जणांनी पान्हे लावूनही जोड सुटेना. शंका खरी ठरली म्हणून तुम्ही खूश! आठ दिवसांची मेहनत मोडीत काढून जाड, ढिले आटे पाडलेत आणि मला म्हणालात, "थंडीत लई घट्ट बसणारं काय बी कामाचं न्हाई ताई. थोडी ढील पायजे." दट्ट्याला बसवायला लातूरकडच्या तुमच्या गावाहून हापशीचा कातडी वायसर मागवलात आणि ग्रीसमध्ये चांगला मुरवलात. हा वायसर लक्षात ठेवा, नाना. पुढं त्यानंच घोळ घातला.

चाचणीला आपण गुरुवार धरला, कारण लाइटीच्या सुट्टीमुळे सगळ्या शेड बंद. मोशीजवळ इंद्रायणीत दोन निळी पिंपं बांधून तराफा केला, त्यावर तुम्ही आणि मी. पाच मिनिटांत काठावर ही गर्दी. एक टोपीवाले आबा ओरडले, "कोन बुडालंय व्हय?"

"कुनी न्हाई आबा, गाळ बघायलोत."

"गाळात काय बघायचं? सगळा गाळच हाय आता."

नळी भरून वर आली. गोणपाटावर गाळ सरकवला तर सुंदर, सलग, हातभर लांब. वरती काळा, वासाचा, त्यात गुटख्याची एक पुडी. त्याखाली करडा. अगदी तळाशी तपकिरी, चिकट माती. आबा खाली बसले, त्या तपकिरी मातीला बोट लावून म्हणाले, "ही आमची. हितं आमी पवायचो. ह्याच काठाला आमची वांगी असायची."

तुम्ही मला विचारलंत, "ताई, हे काळं कवापासून सुरू झालं?" मी आपली ठरलेली टेप लावली, की नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, तीन-चार महिने लागतील. आबांनी मान वर केली. "काळं व्हय? कंपन्या आल्या तवापासनं. आमच्या थोरल्याचं लगीन झालं, त्याच साली."

तुम्ही तराफ्यावरून पाण्यात पडता पडता वाचलात. "बगा! आबांचा टॉलरन्स तुमच्यापेक्षा बारीक हाय!"

मग ती खंडेनवमी आली. लेथला झेंडूची तोरणं, ड्रिलला हार, लाल कापडावर मायक्रोमीटर आणि कॅलिपर मांडलेले, मधोमध नारळ. आणि मानाच्या जागी माझी उलटी हापशी. तुम्ही तिला हळदकुंकू वाहिलंत, हार घातलात आणि नळीच्या तोंडात एक टपोरा केशरी झेंडू खोचलात. "पहिल्यांदाच परगावी चाललीय पोरगी," म्हणालात. मी फोटो काढला. "नाना, दुसऱ्या तोंडाशीही एक लावा ना, फोटोत छान दिसेल," हे शहाणपण माझंच. चार दिवस ती फुलं तिथंच सुकली. मग तुम्ही नळी फडक्यानं पुसून मला दिलीत. मी ती पाण्यानं खळखळून धुतली. ग्रीसला चिकटलेलं पाण्यानं निघत नाही, हे तुमच्या शेडमध्ये कुणालाही विचारलं तरी सांगेल. डॉक्टरेट असलेल्या बाईला ते सुचलं नाही.

जानेवारीत आम्ही लडाखातल्या त्या तळ्यावर गेलो. गोठलेल्या तळ्यावर चालत मधोमध जायचं, बर्फाला भोक पाडायचं, नळी खाली सोडायची, मीटरभर गाळ वर घ्यायचा, तो काढून ठेवून पुन्हा त्याच भोकातून आणखी खाली. हातमोजे काढले की बोटं जातात आणि घातले की काम होत नाही. लेहला परत येऊन फोन लागला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न, "आटे?"

"लोण्यासारखे, नाना. एकदाही अडकले नाहीत."

"आन तुमी?"

"मी अडकले. नाक अजून वितळायचंय."

"नाकाला मी काय करू शकत न्हाई," तुम्ही म्हणालात, पण आवाजातून आनंद नुसता सांडत होता.

पुढचा सगळा गोंधळ माझ्या घाईचा. सगळे नमुने तपासायला महिने लागतात. मला दम धरवेना. गाळाच्या प्रत्येक मीटरभर तुकड्याच्या माथ्यावरून चिमूट चिमूट घेतलं, धुऊन, रंग देऊन काचपट्टीवर ठेवलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. काटेरी गोल कण, डझनांनी! शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले. आज जिथं गुडघाभर उंचीचं झुडूपही शोधावं लागतं, तिथं कधीकाळी फुलांचं कुरण होतं तर! मी विचार न करता तुम्हाला फोन लावला. "नाना, तुमच्या नळीनं हजारो वर्षांपूर्वीची फुलं वर काढली!"

पलीकडे तुम्ही लेथ बंद केलात. त्या दिवशी तुम्ही गल्लीभर जिलेबी वाटलीत, समोरच्या चहावाल्यापासून माल न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यापर्यंत. मी पाठवलेला त्या कणाचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून देवाच्या तसबिरीशेजारी लावलात. येणाऱ्याला सांगायचात, "हे आमच्या नळीनं आणलेलं फूल."

पुढच्या आठवड्यात तुम्ही प्रयोगशाळेत आलात. निमित्त मायक्रोस्कोपच्या डुगडुगणाऱ्या पट्टीचं, पण दारातच म्हणालात, "आदी माजी फुलं दावा." मी काचपट्टी लावून दिली. तुम्ही किती तरी वेळ बघत राहिलात. "लाडवाला काटे आल्यावानी दिसायलंय," म्हणालात, आणि गिअरचे दात मोजावेत तसे त्याचे काटे मोजायला लागलात. मी चहा आणायला गेले. परत आले तर पट्टी दुरुस्त झाली होती. तुम्ही चहात बिस्कीटही बुडवलं नाहीत. "एक अर्जंट जॉब हाय," म्हणून उठलात. टेबलावर पिवळी धूळ पडलेली एक काचपट्टी होती. आमच्या मदतनिसाचा गबाळेपणा, असं म्हणून मी ती धुऊन टाकली.

दोन महिन्यांनी सगळे नमुने मोजून झाले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. प्रत्येक तुकड्याच्या माथ्याशी काटेरी कण मुबलक. बोटभर खाली गेलं की एकही नाही. पुढच्या मीटरच्या माथ्याशी पुन्हा मुबलक. फुलं काही मोजपट्टी लावून फुलत नाहीत. शिवाय बाकीचे जुने कण रंग घेऊन फिकट, हे मात्र गर्द गुलाबी, कालपरवा फुलल्यासारखे. तुकड्याच्या माथ्याला टेकतं काय? दट्ट्या. दट्ट्यावर काय? वायसर. वायसरवर ग्रीस. आणि ग्रीसवर? मी फोन उघडून खंडेनवमीचा फोटो शोधला. दोन्ही तोंडांशी टपोरे झेंडू, आणि कडेला माझाच अंगठा.

झेंडू तर आपल्याकडे सातासमुद्रापलीकडून आलेला पाहुणा. हजारो वर्षांपूर्वी लडाखात तो कुठून येणार!

मी एका परिषदेला या फुलांवरचा निबंध पाठवला होता, तो मागे घेतला. वरिष्ठांना सांगितलं, सहकाऱ्यांना सांगितलं, विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर आकृती काढून चूक समजावली. वर्षभर आमच्या कँटीनमध्ये माझं नाव झेंडूबाई होतं. सगळ्या जगाला खरं सांगितलं, नाना, एका माणसाला सोडून. तुम्हाला सांगायला मी दोनदा चिखलीला आले. दोन्ही वेळा नजर त्या चौकटीवर गेली आणि मी आट्यांविषयी काहीतरी बोलून परत फिरले.

आणि मग पुढच्या दसऱ्याला चमत्कार झाला. तुम्ही नळी नवी करून दिलीत. कातडी वायसर गेला, दट्ट्या नायलॉनचा आला. दोन्ही तोंडांना पितळेची टोपणं, आत आटे, वर बोटांना पकड यावी म्हणून खरखरीत कड. दागिनाच.

"हे कशासाठी, नाना?"

"धूळ बसती."

"आणि नायलॉन?"

"ह्याला काय चिकटत न्हाई."

माझ्या मनावरचा धोंडाच उतरला. अडचण आपोआप सुटली, आता सांगायची गरजच उरली नाही! काय योग जुळून आला, असं मी घरी येऊन आईलासुद्धा सांगितलं. एवढी शिकलेली मी, पण एवढा योग कसा जुळला, हा प्रश्न मला पडला नाही. खंडेनवमीला मात्र शेडमध्ये येणं मी टाळू लागले. कधी परीक्षा, कधी प्रवास. तो झेंडू बघवत नव्हता, हे खरं कारण.

तुम्ही मात्र विचारायचात. कधी फोनवर, कधी जॉब हातात देताना, अगदी सहज. "ताई, ती फुलं हायेत का अजून तुमच्या कागदात?"

"आहेत ना, नाना."

तुम्ही "हं" म्हणायचात आणि लेथकडे वळायचात. मला वाटायचं, समाधानानं वळलात. गेल्या महिन्यात दवाखान्यातही तेच विचारलंत. बोलताना धाप लागत होती. मी तुमचा हात धरून, अगदी गोड आवाजात म्हटलं, "आहेत नाना, कुठं जातायत?" तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलंत. मला वाटलं, थकलात. जिना उतरताना मी स्वतःवर खूश होते, की जाणाऱ्या माणसाला आपण आनंद दिला.

आज खंडेनवमी. यंदा पूजा नसेल असं मी धरून चालले होते, तर सकाळी अश्विनीचा फोन. "ताई, बाबा म्हणायचे मशिनीला सुतक नसतं. तुम्ही यायचंच." ती चाकणच्या कंपनीत तपासणीच्या खात्यात आहे, दुसरी शिफ्ट सोडून आली होती. लेथला हार घातला, ड्रिलला घातला, तुमच्या स्टुलालाही एक घातला. तुमच्या स्टुलावरचा हार बघवेना. डोळे फिरवले तर आटे बघायला तुमच्याकडे दिलेली माझी उलटी हापशी पूजेत नाही. ती मागच्या फडताळात, टोपणं घट्ट लावून, स्वच्छ चादरीत गुंडाळून एका पेटीत ठेवलेली, आणि कुंकवाचं बोट पेटीला बाहेरून.

"हिला हार नाही?"

अश्विनीनं हातातलं तबक खाली ठेवलं. "बाबा हिला फुलांच्या वाऱ्यालाही उभं करत नव्हते. सहा वर्षं झाली." मग म्हणाली, "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. बाबांनीच सांगितलं होतं, मी गेल्यावर सांग म्हणून. रागावू नका."

आणि तिनं सांगितलं. त्या दिवशी प्रयोगशाळेत, मी चहा आणायला गेले तेव्हा, तुमच्या स्कूटरच्या हँडलवरच्या दसऱ्याच्या हारातून गळलेलं एक सुकं फूल तुमच्या खिशात होतं. काटे मोजताना तुम्हाला काय शंका आली कोण जाणे. तुम्ही ते फूल एका काचपट्टीवर झटकलंत आणि मायक्रोस्कोपखाली धरलंत. तोच लाडू, तेच काटे. दात मोजून गिअर ओळखणारा माणूस तुम्ही. जे समजायला मला दोन महिने लागले, ते तुम्हाला चहा उकळेपर्यंत समजलं होतं.

"घरी आले ते स्कूटरचा हार तोडून फेकून दिला," अश्विनी म्हणाली. "जेवले नाहीत. म्हणाले, 'माज्यामुळं ताईचं वाटोळं झालं.' तुम्हाला सांगायला तीनदा निघाले. आधी विचारायचे, फुलं अजून कागदात आहेत का. तुम्ही काढली असती तर त्यांना सुटल्यासारखं झालं असतं. पण तुम्ही दर वेळी म्हणायचात आहेत, आणि इतक्या आनंदानं म्हणायचात की त्यांचं तोंडच उघडायचं नाही. शेवटी मला म्हणाले, 'ताईला सांग, फुलं काढा म्हनावं. आन सांग, नानानं मुद्दाम न्हाई केलं.'"

तेव्हा मी हसले, नाना. दोन शहाणी माणसं, एकमेकांचं मन राखायला सहा वर्षं एकमेकांना फसवत बसली! तुम्ही माझ्यापासून लपवत होतात तेच मी तुमच्यापासून लपवत होते. लपाछपी खेळायचं आपलं वय तरी होतं का? आणि मग दवाखान्यातली ती भिंत आठवली, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. एका "काढली"साठी तुम्ही वाट बघत होतात. तो एक शब्द माझ्याजवळ होता आणि मी दिला नाही. याचं मला वाईट वाटत राहील. ते पुसायला माझ्याकडे फडकं नाही.

म्हणून आता म्हणते, मोठ्यानं म्हणते, शेजारच्यांना काय वाटायचं ते वाटो. नाना, फुलं काढली. त्याच वर्षी काढली. कुणाचंही वाटोळं झालं नाही.

आणि ज्यासाठी हे सगळं पाच मिनिटांत सांगून टाकायला हवं होतं, ते तर राहूनच गेलं. प्रत्येक तुकड्याचा मधला भाग, जिथं तुमचा दट्ट्या टेकलाच नव्हता, तो चोख होता. त्यात खूप खाली, जुन्या थरांत, लव्हाळ्याचे कण मिळाले, गवताचे मिळाले आणि ओल्या कुरणात उगवणाऱ्या बुटक्या रानफुलांचेही मिळाले. भरमसाट नाहीत, मोजकेच, पण फिकट, जुने, खरे. म्हणजे तिथं खरोखरच कधीकाळी ओल होती आणि फुलं होती. तुमच्या ढिल्या आट्यांनी आणि उलट्या हापशीनं ती न चुरगळता वर आणली. हे तुम्हाला सांगायचं तर आधी खोटी फुलं सांगावी लागली असती, म्हणून खरी फुलंही मी दडवून ठेवली. जिलेबी दोनदा वाटता आली असती, नाना.

निघताना मी अश्विनीकडे लेथच्या हारातला एक झेंडू मागितला. ती घाबरलीच. "ताई, तुमच्या कामात हा चालत नाही ना?" मी म्हटलं, "आता चालेल." नळी तिच्याकडेच ठेवली आहे, जानेवारीआधी आटे बघून देते म्हणाली. चौकटीतला तुमचा फोटो, म्हणजे त्या कणाचा, तिला काढू दिला नाही.

घरी न येता मी तडक प्रयोगशाळेत गेले. आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे. ओळखीच्या वनस्पतींचे कण तिच्यात काचपट्ट्यांवर जपून ठेवलेले असतात. गाळात नवखा कण दिसला की या पेटीतल्या कणांशी ताडून बघायचा. बर्फाळ मुलुखाच्या या पेटीत झेंडू असायचं काही कारण नव्हतं. आज मी तो ठेवला. यापुढे माझ्या हाताखालच्या कुणालाही काटेरी कण दिसला, तर तो आनंदानं उड्या मारायच्या आधी तुमच्या झेंडूशी ताडून बघेल. कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं: झेंडू. ठिकाण, चिखली, लेथवरचा हार. आणून देणारे, नाना.

त्याखाली वयाचा रकाना असतो. मी आजची तारीख घातली. चूक किती, या रकान्याशी पेन थोडा थांबला. मग लिहिलं, शून्य.